आधी गाडीचं पोट दाखवा, इंजिन शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांच्या नावावरची २००२ सालची होंडा सिटी व्हीटेक, पहिल्यापासून एकाच घरात, १ लाख १८ हजार किलोमीटर झालेली. घेतली मुंबईत. वडील निवृत्त होऊन २०१४ ला गुहागरला आले, तेव्हा गाडीही आली. मुलाने पुण्यात शिकताना तिच्यावर हौस केली: कोल्ड एअर इनटेक (बाहेरची थंड हवा ओढणारी नळी), फोर-टू-वन हेडर (इंजिनातून निघणाऱ्या चार नळ्या एकीत आणणारा एक्झॉस्टचा पुढचा भाग), मोठ्या नळीचा स्टीलचा एक्झॉस्ट, बसक्या स्प्रिंगा, मागे जाड अँटीरोल बार (वळणावर गाडी कलू न देणारी दांडी), पंधरा इंची अलॉय. आता वडिलांच्या गुडघ्याला क्लच सोसत नाही आणि मुलगा नवी मुंबईत. किंमत किती सांगू, कुठे विकू आणि पार्टांत घातलेले दोन लाख कसे निघतील, असं मुलाने विचारलंय.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंतला पहिला आधी बाजूला करा. गाडी गुहागरच्या ओल्या वाळूत उभी, मागे सूर्य बुडतोय, फोटो झकास आलाय. पण पुण्या-बेंगळुरूचा जो माणूस ही गाडी खरंच घेणार आहे, त्याला त्यात सूर्य दिसणार नाही. त्याला खारं पाणी दिसेल. तो मनात म्हणेल, फोटोसाठी जो वाळूत गाडी घालतो त्याने अजून कुठे कुठे घातली असेल? आणि तो फोन करणार नाही. बरं, फोन केला नाही म्हणजे का केला नाही हे तुम्हाला कधी कळणारही नाही.

मी रत्नागिरीत पस्तीस वर्षं गाड्यांच्या खाली पडून काम करतोय. मधल्या काळात अशा हौसेच्या पंधरा-वीस गाड्या विकून दिल्या, काही माझ्याही होत्या. त्यावरून सांगतो. किनाऱ्यावरची जुनी गाडी विकताना गिऱ्हाईक इंजिनाचे पैसे शेवटी मोजतं. आधी पत्रा, मग कागद, मग इंजिन. तुमच्या चिठ्ठीत बारा ओळी इंजिनावर आणि पत्र्यावर एक ओळ, "बॉडी टकाटक". जाहिरात अशीच उलटी लिहिली जाते आणि मग सहा महिने गाडी पडवीत उभी राहते.

पत्र्याचं नीट समजून घ्या. लोकांना वाटतं कोकणात गाडी पावसाने सडते. पाऊस उलट खालची बाजू धुऊन काढतो. सडते ती जिथे पाऊस पोचत नाही आणि हवा पोचते तिथे. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेलं मीठ चाकाच्या कमानीच्या आतल्या घडीत, दाराच्या खालच्या शिवणीत, डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यात, पुढच्या काचेच्या रबराखाली बसून राहतं. मीठ हवेतला ओलावा ओढतं, म्हणजे ऑक्टोबर ते मे, थेंब पाऊस नसताना, ती जागा रात्रभर ओलीच असते. त्यात तुमच्याकडे गाडीवर ताडपत्री टाकलेली फोटोत दिसतेय. ती आजच काढा. ताडपत्रीखाली ओल कोंडते. नुसत्या छपराखाली, वारा खेळता असलेल्या पडवीत गाडी जास्त टिकते.

तर पहिलं काम, गाडी पिटवर (खाली उभं राहून काम करायच्या खड्ड्यावर) किंवा लिफ्टवर घ्या. मागच्या दोन्ही सीटा काढा, कार्पेट उचला, डिकीतली चटई आणि स्टेपनी काढा. कमानीची आतली घडी बोटाने चाचपा. जॅक लावायच्या जागा, ब्रेकचे पाइप, पेट्रोल भरायच्या नळीची मान, पुढच्या शॉकॉप्सरचे वरचे मनोरे, सगळं बघा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोकलं की घट्ट पत्रा खणखणतो आणि खाल्लेला पत्रा भद्द वाजतो. खड्डा बुजवायला लांबी (पुटी) भरलेली असेल तिथे लोहचुंबक धरत नाही. जे सापडेल त्याचे फोटो काढा, चांगल्याचेही आणि वाईटाचेही.

सापडल्यावर काय करायचं, इथे बहुतेक जण चुकतात. गंज दिसला की पोरगं जाऊन काळा अंडरकोट मारून आणतं. विकायच्या आदल्या महिन्यात मारलेला नवाकोरा काळा थर म्हणजे जाणकाराला दारावर लावलेली पाटी आहे, की आत काहीतरी लपवलंय. त्यापेक्षा जुना, धुळकट, पण साबूत पत्रा लाखपट बरा. छोटा गंज घासून, रस्ट कन्व्हर्टर लावून, प्रायमर मारून तसाच उघडा सोडा, वर काळं फासू नका. जिथे भोक पडलंय तिथे जुना पत्रा कापून नवा वेल्ड करा, आणि कापताना, वेल्ड करताना, प्रायमर मारताना प्रत्येक टप्प्याचा फोटो ठेवा. कापल्याचा फोटो बघून गिऱ्हाईक पळत नाही. फोटो नसलेली दुरुस्ती त्याच्याच मेकॅनिकला सापडली की मात्र पळतं.

आणि एक प्रश्न तुम्हाला हमखास येणार. गुहागर म्हटलं की बाहेरच्याला चिपळूण आठवतं, आणि चिपळूण म्हटलं की २२ जुलै २०२१. त्या पुरात शेकडो गाड्या छपरापर्यंत बुडाल्या, आणि त्यातल्या किती धुऊन-पुसून पुढे विकल्या गेल्या हे आम्हा गॅरेजवाल्यांना चांगलं ठाऊक आहे. तुमची गाडी तेव्हा गुहागरात घरीच होती, हे तुम्ही सांगाल, पण गिऱ्हाइकाने ते का मानावं? म्हणून विचारायच्या आधी दाखवा. चारही सीटबेल्ट पूर्ण ओढून शेवटच्या हातभराचा फोटो काढा. पुरातल्या गाडीचा पट्टा कितीही धुतला तरी रिळाजवळ गाळाची रेष राहते. सीटच्या पट्ट्या जमिनीला बोल्ट होतात ती जागा, डॅशबोर्डखालचे स्क्रू, हेडलाइटच्या आतली बाजू, यांचे जवळून फोटो घ्या. आणि २०२१ च्या जूनचं नि त्या दिवाळीच्या आसपासचं सर्व्हिस बिल सापडलं, त्यावर किलोमीटर असतील, तर ते दोन कागद या व्यवहारातले सगळ्यात किमती कागद आहेत. इन्शुरन्स कंपनीकडून क्लेम न घेतल्याचा इतिहास मागून घ्या, तोही जोडा.

आता तुमच्या दोन लाखांबद्दल. ते गेले. वाईट वाटून घेऊ नका, त्या पैशांची मजा तुम्ही पुण्यात असताना वसूल केलीत. मॉडिफिकेशनचा पैसा गाडी विकताना परत येत नाही, उलट प्रत्येक बदलाने गिऱ्हाईक कमी होतं. ज्याला ही गाडी जपून ठेवायची आहे, त्याला ती कंपनीतून आली तशी हवी असते. ज्याला पळवायची आहे, त्याला स्वतःच्या पसंतीचे पार्ट हवे असतात, तुमच्या पसंतीचे नकोत. दोघांनाही खूश करणारी गोष्ट एकच, ती म्हणजे मूळ पार्टांचं खोकं. मूळ एअर फिल्टरचा डबा, मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा डबा), सायलेन्सर, चार स्प्रिंगा, जुन्या रिमा. हे माळ्यावर असेल तर गाडीची किंमत तिथेच वाढली. नसेल तर कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा पुण्याची नाना पेठ धुंडाळा. वेळ जाईल, पण हेडर विकून जेवढे येतील त्यात निम्मं खोकं भरेल.

माझं मत विचाराल तर गाडी बहुतांशी मूळ रूपात आणून विका आणि काढलेले पार्ट सोबत द्या. कायद्याची बाजूही आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरच्या नोंदीशी आणि निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करायचा नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते पुन्हा ठासून सांगितलंय. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेल्या, घुमणाऱ्या एक्झॉस्टच्या गाडीची नोंदणी नूतनीकरणाला तपासणी होते तेव्हा साहेब काय म्हणतील ते तुम्हीच ठरवा. इन्शुरन्सला न कळवलेले बदल ही नव्या मालकाचीही डोकेदुखी.

दोन गोष्टी मात्र नक्की काढा, गाडी विकायची नसली तरी. एक, ते कोल्ड एअर इनटेक. तुमच्या फोटोत त्याचं तोंड बंपरच्या आत, जमिनीपासून वीतभर वर आहे. थंड हवा मिळते खरी, पण मिरगाच्या पहिल्या सरीनंतर मोडकाआगरच्या वळणावर टायर बुडेल एवढं पाणी साचलं आणि इंजिनाने घोटभर आत ओढलं, की पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा दोन गाड्या माझ्याकडे दोरीला बांधून आल्या आहेत. दुसरी, त्या बसक्या स्प्रिंगा. तवसाळहून जयगडला फेरीबोटीवर गाडी चढवता तेव्हा रॅम्पवर पोट घासतं ना? गिऱ्हाईक त्याच बोटीने आलं आणि चढताना तो आवाज ऐकला, तर पुढचं बोलणं निम्म्या किमतीवरून सुरू होईल.

इंजिनाकडे येऊ. हे सगळं ऐकून असं समजू नका की मला त्या इंजिनाचं कौतुक नाही. २००० ते २००३ या काळातली १.५ लिटर व्हीटेक सिटी, १०६ अश्वशक्ती, तीही ६८०० आरपीएमला, हलक्या अंगाची गाडी. त्या काळात घरगुती सेडानमध्ये असं काही मिळतच नव्हतं. २००३ ला नवी सिटी आली ती ७७ अश्वशक्तीची, अ‍ॅव्हरेजवाली. लोकांनी ती भरपूर घेतली, पण जुन्या व्हीटेकवाल्यांनी कपाळाला हात लावला. तिथूनच या गाडीचं नाव झालं. पुढे बऱ्याचशा गाड्या पोरांनी पळवून पळवून संपवल्या, काहींना गॅस किट बसलं, काही भंगारात गेल्या. एका घरातली, हिशेब ठेवलेली गाडी आज खरंच कमी सापडते.

पण "कडक पिकअप" लिहून हे सांगता येत नाही. "१३० अश्वशक्ती" तर मुळीच लिहू नका. डायनोचा, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्राचा, कागद असेल तरच आकडा लिहा, आणि तो चाकांवर मोजलाय की इंजिनावर तेही लिहा, कारण चाकांपर्यंत पोचेतो दहा-पंधरा टक्के ताकद गिअरबॉक्समध्येच जिरते. कागद नसेल तर कंप्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये दाब किती बनतो त्याची तपासणी, करून घ्या. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ आले पाहिजेत, एक जरी बराच खाली पडला तरी खरं काय ते आपल्याला आधी कळलेलं बरं. गेजचा फोटो, तारीख, किलोमीटर. थोडक्या पैशांचं काम आहे आणि "इंजिन नंबर वन" या तीन शब्दांपेक्षा जास्त बोलतं.

टायमिंग बेल्ट कधी बदलला? तुम्ही लिहिलं नाहीत. या इंजिनाला चेन नाही, बेल्ट आहे. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. किलोमीटर कमी झाले म्हणून तो नवा राहत नाही, रबर वर्षांनीही म्हातारं होतं. बिल नसेल तर वॉटर पंप आणि टेन्शनरसकट बदलून टाका, विकायचं असलं तरी. पेट्रोलच्या रबरी नळ्यांचंही तसंच. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ही गाडी त्याच्या बऱ्याच आधीची, जुनं रबर त्याला सरावलेलं नाही. नळ्यांना बारीक तडे गेलेत का बघा. आणि इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून आपल्या दमट हवेत उभ्या गाडीची टाकी अर्धी ठेवू नका. चालवत नसाल तर भरून ठेवा.

गिऱ्हाईक आलं की बोनेट उघडायची घाई नको. आधी पत्र्याचे फोटो, पिट, कागद. मग थंड इंजिन त्याच्याच हाताने चालू करू द्या. सकाळपासून तुम्ही चालू करून गरम ठेवलीत तर जाणता माणूस बोनेटवर हात ठेवतो आणि मनात एक आकडा कमी करतो. पहिले पंधरा मिनिटं तुम्ही चालवा. शृंगारतळीवरून चिपळूणच्या रस्त्याला लागलात की तोवर ऑइल गरम होईल. थंड इंजिनात व्हीटेक लागतच नाही, तशी रचनाच आहे. वरच्या आरपीएमला ऑइलच्या दाबाने एक पिन सरकते आणि इनटेकचे व्हॉल्व्ह जास्त उघडणारा कॅम कामाला लागतो. ऑइल घाण असेल, पातळी कमी असेल किंवा व्हीटेक सोलेनॉइडच्या आतली जाळी चोंदली असेल तर पिन सरकत नाही आणि गाडी पाच हजारांनंतर नुसती ओरडते. म्हणून दाखवायच्या आधी ऑइल-फिल्टर बदला, जाळी साफ करा.

व्हीटेक दाखवायला दीडशेचा वेग लागत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये, मोकळ्या सरळ रस्त्यावर, एकदाच. आवाज बदलतो तो क्षण त्याला ऐकू आला की काम झालं, लगेच पाय काढा. पश्चिम महाराष्ट्रातला माणूस असेल तर तो तसाही कुंभार्ली घाट उतरून आलेला असतो. जाताना त्याला पोफळीपासून वर एक चढ एसी लावून चढवू द्या. टेंपरेचरचा काटा जागचा हलला नाही, की कूलिंगबद्दल तुम्हाला एक शब्द बोलावा लागत नाही.

चावी देताना एक अट घाला: पैसे तयार असल्याचं दाखवणाऱ्यालाच स्टेअरिंग, आणि तुम्ही शेजारी. २०११ साली एका गिऱ्हाइकाची अशीच हौसेची गाडी मी विकायला दाखवत होतो. आलेल्या पोराने तिसऱ्यातून चौथ्यात टाकायच्या घाईत दुसऱ्यात टाकली. इंजिन मर्यादेबाहेर फिरू लागलं की रेव्ह लिमिटर पेट्रोल तोडतो, पण चाकंच इंजिनाला फिरवत असतील तर तो काय करणार? काटा लाल रेषेच्या पार गेला, व्हॉल्व्ह वाकले. पोरगा "सॉरी काका" म्हणून बसने गेला. हेड उघडायचा खर्च मी आणि मालकाने वाटून घेतला, कारण त्याला शेजारी बसून आवरायचं काम माझं होतं.

कागदांचं थोडक्यात सांगतो, पण यात ढिलाई नको. २००२ ची गाडी, म्हणजे पहिली पंधरा वर्षं २०१७ ला संपली आणि नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. तुमचं २०२७ पर्यंत आहे. गिऱ्हाईक हे बघणारच, कारण वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून ५ हजारांची १० हजार झाली आहे, शिवाय पर्यावरण कर वेगळा. तो खर्च कोण करणार ते आधी ठरवा, सौदा मोडतो तो अशाच फुटकळ गोष्टीवर. कोणी तुम्हाला "व्हिंटेजमध्ये नोंदवा" म्हणालं तर हसून सोडा. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्याला गाडी पन्नास वर्षांपुढची आणि मूळ रूपातली लागते.

आरसीवर २००२ च्या कर्जाचा बँकेचा बोजा अजून आहे का बघा. कर्ज फिटलं म्हणजे बोजा उतरला असं नसतं, आणि जुन्या गाड्यांत बऱ्याचदा तो तसाच असतो. बँकेकडून नवीन एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन तो काढा. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर चपला झिजतील, म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधीच सुरुवात करा. वडिलांचा पत्ता आरसीवर अंधेरीचाच आहे की गुहागरचा, आधारला मोबाइल जोडलेला आहे का, उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसली का (तिच्याशिवाय आरटीओतलं काम पुढे सरकत नाही), ई-चलन थकलंय का, हे सगळं एका सकाळी घरी बसून बघता येतं. राज्याबाहेर गाडी गेली तर फॉर्म २८ ची एनओसी आणि चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा लागेल. आपल्याकडे त्या नंबरावरही गंजाचा पापुद्रा चढतो. तेल लावून, कापडाने, हळूहळू साफ करा. पॉलिश पेपर चुकूनही लावू नका. घासलेला नंबर बदललेल्या नंबरासारखा दिसतो, आणि मग ते कोणाला पटवत बसाल?

नाव बदलण्याबद्दल मात्र माझी गोष्ट ऐकाच. माझी प्रीमियर ११८ एनई होती, निसानचं ११७१ सीसी इंजिन, त्यावर मी हौसेने कार्ब्युरेटर बदललेला. २००६ ला एका दलालाला दिली, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून. पैसे रोख मिळाले, मीही खूश. चार वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्याचा कागद आला. त्या गाडीने एका मोटारसायकलवाल्याला उडवलं होतं आणि कागदावर मालक अजून मीच. दलालाचा फोन बंद, गाडी मधे तीन हातांतून गेलेली. पुढची दोन वर्षं तारखा. नंतर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं, की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, नुकसानभरपाईची जबाबदारी त्याची. म्हणून गाडी दिल्यावर राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि राज्याबाहेर ४५ दिवसांत विक्रीची खबर आरटीओला द्यायची, हे विकणाऱ्याचं काम आहे. "घेणारा करून घेईल" यावर जाऊ नका. शक्य असेल तर नाव बदलण्याचा अर्ज दाखल झाल्याची पावती हातात आल्यावरच चावी सोडा. सोडताना तारीख आणि वेळ, मिनिटासकट, लिहिलेल्या कागदावर दोघांच्या सह्या, त्याच्या आधार-पॅनची प्रत, पूर्ण पैसे बँकेतून. फास्टॅग त्याच दिवशी बंद. इन्शुरन्समधला नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, तुमच्या वडिलांचा असतो. त्याचं प्रमाणपत्र घेऊन ठेवलं तर पुढच्या गाडीला तीन वर्षांपर्यंत वापरता येतं.

कुठे आणि कधी विकायची? गणपतीत नाही. चाकरमानी येतात, दहा जण गाडीभोवती फिरतात, "आमच्या साहेबाकडे होती" म्हणतात, मोदक खाऊन जातात. पावसात तर नाहीच, ढगाळ उजेडात रंग मरतो आणि पिटवर पाणी. दिवाळी ते शिमगा हा काळ धरा. रत्नागिरी-चिपळूणच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात नेऊ नका, तिथे तिला २००२ ची सिटी म्हणूनच भाव मिळेल, त्यांचाही इलाज नाही. तुमचं गिऱ्हाईक पुणे, कोल्हापूर, गोवा किंवा बेंगळुरूचं, चाळिशीतलं. कॉलेजात असताना ही गाडी परवडली नव्हती, आता परवडते, असं. कोल्हापूरला तर मोटारींचं वेडच वेगळं. दिल्लीकडचं कोणी विचारलं तर तिथल्या पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांच्या निर्बंधांचं त्याचं त्याने आधी बघावं.

किंमत ठरवताना तुमची बिलं बेरजेला धरू नका. याच मॉडेलच्या, मूळ रूपातल्या, चालत्या दोन-तीन गाड्या नुकत्या खरोखर कितीला गेल्या ते शोधा. मागितलेली किंमत नाही, मिळालेली. त्यातून तुमच्या पिटवर जे सापडेल ते दुरुस्त करायचा खर्च वजा करा, मूळ खोकं पूर्ण असेल तर थोडे वाढवा, आणि घासाघीस करायला फार जागा ठेवू नका. जाणकार गिऱ्हाइकाला फुगवलेला आकडा दिसला की पुढच्या सगळ्या बोलण्यावर त्याचा विश्वास उडतो. पार्टांसाठी मनात धरायचंच असेल तर दोन लाखांचे वीस-पंचवीस हजार धरा.

जाहिरात मी अशी लिहिली असती: "होंडा सिटी १.५ व्हीटेक, २००२, एकच मालक, १ लाख १८ हजार कि.मी. २०१४ पासून गुहागरला, समुद्रापासून अर्धा किलोमीटर, म्हणून खालच्या बाजूचे ४० फोटो सोबत. मागच्या डाव्या कमानीला पत्रा बदलला आहे, कामाचे फोटो आहेत. पुरात गेलेली नाही, पुरावे आहेत. कंप्रेशनचे आकडे, टायमिंग बेल्टचं बिल, २०१० पासूनची सर्व्हिस बिलं. नोंदणी २०२७ पर्यंत. काढलेले आणि मूळ असे सगळे पार्ट गाडीसोबत." कमानीचं मी अंदाजाने लिहिलंय, तुमच्या फोटोतला तिथला रंगाचा फुगा मला बरा वाटत नाही. उघडल्यावर जे दिसेल ते लिहा.

आणि वडिलांना सौद्याला बसवू नका. एक गिऱ्हाईक "बॉडीत काही राम नाही" म्हणेल, त्यांना लागेल, नि ते विकायचंच नाही म्हणून उठतील. त्यांना बिलांच्या फाइलीवर बसवा. कुठलं बिल का झालं हे त्यांच्याइतकं कोणाला सांगता येणार नाही, आणि समोरचा ते ऐकतच राहील.

येत्या रविवारी मला तसंही गुहागरला यायचं आहे, पहिल्या फेरीबोटीने तवसाळला उतरतो. शृंगारतळीत पिट असलेलं एखादं गॅरेज सकाळी दोन तास मिळतंय का विचारून ठेवा. सीट काढायला पाना आणि सॉकेट लागेल, माझा मी आणतो. तुम्ही फक्त आदल्या दिवशी गाडी धुऊ नका.